चैत्रातील मांडव : चामराजपेट, रामोत्सव आणि पाहुण्यांचे शहर

शाळा-महाविद्यालयांना उन्हाळ्याची सुटी लागली, की बंगळूरच्या मराठी घरांत पाहुण्यांचा ऋतू सुरू होतो. पुणे, सोलापूर, नागपूर येथील उन्हाच्या झळा मागे टाकून समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात आप्तेष्ट येतात, आणि यजमानांपुढे दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो : यांना दाखवावे काय, ऐकवावे काय आणि खाऊ काय घालावे? लालबाग, विधानसौध आणि म्हैसूरची एक दिवसाची सहल एवढे झाले, की आमची यादी बहुधा संपते. सुटीतील बंगळूरचे खरे वैभव मात्र जुन्या किल्ल्याच्या दक्षिणेस, चामराजपेटेत, चैत्र महिन्यात भरणाऱ्या एका मांडवात आहे. त्या मांडवाचा इतिहास आपल्याशी कितीतरी ठिकाणी जोडलेला आहे. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तो इतिहास एकदा सलग मांडावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम पंचांगाचा विचार करू. घर सोडून दूर गेलेल्या माणसाचे बरेचसे परकेपण पंचांगामुळे वाढते किंवा घटते. तामिळनाडूत आणि केरळात वर्ष सौर गणनेने चालते. तेथे गेलेल्या मराठी कुटुंबाचा पाडवा एका दिवशी आणि शेजाऱ्यांचा वर्षारंभ दुसऱ्या दिवशी येतो. कर्नाटकात तसे होत नाही. येथेही शालिवाहन शक चालतो, येथेही महिना अमावास्येला संपतो. आमचा गुढीपाडवा तोच शेजारच्या घरी युगादी असतो. आम्ही कडुनिंबाची चटणी चाखतो, ते कडुनिंब आणि गूळ एकत्र करून ‘बेवु-बेल्ल’ वाटतात. आमच्या पुरणपोळीला येथे ‘होळिगे’ किंवा ‘ओब्बट्टु’ म्हणतात. पाडव्यानंतर नवव्या दिवशी रामनवमी आणि पौर्णिमेच्या रात्री बंगळूरचा प्रसिद्ध करग. असा हा पंधरवडा दोन्ही घरांत एकाच तिथीने उगवतो आणि मावळतो. पाहुणा भाषेला परका असला तरी दिवसाला परका राहत नाही.

आता थोडे मागे जाऊ. बंगळूर आणि मराठी माणूस यांचा संबंध नोकरीच्या बदलीपासून सुरू होत नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने हे ठाणे केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले. शहाजीराजांच्या या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात केले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. शहाजीराजांच्या विद्याप्रेमाची कीर्ती ऐकून जयराम बंगळूरला आला. भेटीच्या वेळी त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा कशाचे, असे विचारताच आपण बारा भाषांत कविता करतो म्हणून बारा, असे त्याने सांगितले. मग दरबारात त्याला समस्या घालण्यात आल्या आणि त्याने त्यांची पूर्ती केली. संस्कृत, मराठी, कन्नड, हिंदी अशा नाना भाषांचे कवी त्या सभेत होते.

या प्रसंगाकडे केवळ राजवैभवाची गोष्ट म्हणून पाहू नये. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील मुद्दा असा, की शहरात नवखा आलेला गुणी माणूस कोणत्या भाषेचा, हे विचारून त्याला दारातून परत पाठविले गेले नाही. बारा भाषांची भेट घेऊन येणाऱ्याला बसायला आसन आणि ऐकायला सभा मिळाली. बंगळूरच्या करमणुकीच्या इतिहासाचे हे फार जुने पान आहे, आणि ते मराठी जहागिरीच्या काळात लिहिले गेले आहे, याचे भान आम्हां बंगळूरकर मराठी मंडळींना असावयास हवे.

शहाजीराजांचा पुत्र व्यंकोजी याच्याकडे पुढे ही जहागीर आली. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर देवळाजवळचा त्याचा १६६९ चा शिलालेख आजही त्या काळाची साक्ष देतो. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीने तंजावरात आपली गादी स्थापन केली आणि बंगळूरवरचे त्याचे लक्ष उडाले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या हाती गेले. मराठी सत्तेचा येथील अध्याय सुमारे अर्धशतकात असा संपला.

पण संगीताच्या इतिहासात तो संपला नाही. तो तंजावरच्या वाटेने परत आला. व्यंकोजीच्या वंशजांनी तंजावरात १८५५ पर्यंत राज्य केले आणि त्यांच्या आश्रयाने तेथे ग्रंथ, नाटके, नृत्य आणि गायन यांना बहर आला. कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार त्यागराज (१७६७ ते १८४७) याच राज्यात, कावेरीकाठी तिरुवैयारू येथे राहिले. राजदरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. त्यांची वाणी तेलुगू, उपास्यदैवत राम आणि राजा मराठी! त्याच तंजावरात मोरगावकर रामचंद्रबुवांच्या मराठी कीर्तनाने श्रोते भारावून गेले, आणि पुढे तंजावर कृष्ण भागवतर (१८४१ ते १९०३) यांनी त्या धाटणीवर दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आणि चाली दक्षिणी हरिकथेत शिरल्या त्या अशा.

एवढा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजे चामराजपेटेच्या मांडवात बसलेल्या मराठी श्रोत्याला ते संगीत ओळखीचे का वाटते, हे उमगते.

चामराजपेट ही जुन्या पेठेबाहेर आखून वसविलेली वस्ती. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वोडेयर यांच्या नावाने ती १८९२ मध्ये उभी राहू लागली. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ फोफावली ती लगेच पुढच्या वर्षी, १८९३ मध्ये. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. परंतु देवघरातला उत्सव चौकात आणावा आणि त्याच्या निमित्ताने गायन, व्याख्यान, कथाकीर्तन सर्वांस खुले करावे, ही त्या पिढीची आकांक्षा दोन्हीकडे दिसते. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते आणि अंगण असलेली घरे अशी या वस्तीची मूळ रचना. पुढे १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या वस्त्या वाढल्या. चामराजपेट त्यांची थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही.

या वस्तीत विद्येची आणि भाषेची घरे लवकर आली. किल्ल्यालगत, टिपूच्या उन्हाळी वाड्याच्या परिसरात, १९०७ मध्ये फोर्ट हायस्कूलची इमारत उभी राहिली. १९१५ मध्ये स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद चामराजपेटेतच नांदते. आणि चामराजपेटेतून बसवनगुडीकडे जाणाऱ्या बुल टेंपल रस्त्याने दक्षिणेस गेले, की कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासाची संस्था लागते. तिचे नाव गोखले संस्था, आणि ते गोखले म्हणजे आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. एका कन्नड विद्वानाने आपल्या संस्थेला एका मराठी पुढाऱ्याचे नाव द्यावे, यात जो मनाचा मोठेपणा आहे, तो पाहुण्यांना आवर्जून सांगण्यासारखा आहे. तेथील व्याख्याने आणि गायनाचे कार्यक्रम ही या भागाची जुनी संपत्ती होय.

अशा या वातावरणात १९३९ मध्ये श्रीरामसेवा मंडळीचा रामोत्सव सुरू झाला. एस. व्ही. नारायणस्वामी राव या किशोरवयीन मुलाने सवंगड्यांना हाताशी धरून तो आरंभिला आणि पुढे आयुष्यभर सांभाळला. मुलांनी हौसेने केलेल्या रामनवमीच्या उत्सवाचा हळूहळू दक्षिण भारतातील एक प्रमुख संगीतमहोत्सव झाला. फोर्ट हायस्कूलचे पटांगण हे त्याचे ठिकाण ठरून गेले. पाडव्या-रामनवमीच्या सुमारास मांडव पडतो आणि सुमारे महिनाभर, कधी त्याहूनही अधिक काळ, रोज सायंकाळी मैफल होते. २०२४ मध्ये या उत्सवाचे ८६ वे वर्ष साजरे झाले. चेंबै वैद्यनाथ भागवतर, एम. एस. सुब्बुलक्ष्मी, म्हैसूरचे व्हायोलिनवादक टी. चौडय्या, बालमुरलीकृष्ण अशा दिग्गजांची कला या उत्सवाने रसिकांपर्यंत पोचविली. हिंदुस्थानी गायकांनाही येथे सन्मानाने बोलाविण्यात आले. त्यांत गदगात १९२२ मध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले पंडित भीमसेन जोशी होते. मराठी अभंग आणि कन्नड दासपदे सारख्याच तन्मयतेने गाणारा हा कलावंत कोणाचा, असा वाद बंगळूरच्या मराठी आणि कन्नड रसिकांत प्रेमाने होत असे. त्याचा निकाल लागला नाही, हेच बरे.

पाहुण्याने या मांडवात जाताना काय लक्षात ठेवावे? रागांची नावे वेगळी असली तरी स्वर ओळखीचे असतात. आपला भूप तो तेथे मोहनम्, मालकंस तो हिंदोळम्, यमन तो स्थूलमानाने कल्याणी. हालचालींत आणि गमकांत फरक आहे, आणि तो ऐकण्यातच खरी गंमत आहे. आपल्याकडे एखादा राग तासभर उलगडत जातो. येथे दोन-अडीच तासांत वर्णम्, अनेक कृती, मधला विस्तृत राग, तालवाद्यांचे ‘तनि आवर्तनम्’ आणि शेवटी हलकी पदे अशी भरगच्च पंगत वाढली जाते. शेवटच्या पदांत पुरंदरदासांचे पद आले आणि ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा कानी पडली, की मराठी श्रोता सावरून बसतो. पंढरीचा विठोबा दोन्ही भाषांनी वाटून घेतला आहे. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणली, असे आपली परंपरा सांगते. मूर्ती परत आली. भक्ती दोन्हीकडे राहिली.

तिकीट काढून मांडवात बसणाऱ्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, मांडवाबाहेरचा श्रोता आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ध्वनिक्षेपकावरून येणारे गाणे पदपथावर, झाडाखाली, स्कूटरला टेकून ऐकणारे लोक ही या उत्सवाची जुनी ओळख आहे. त्यांत निवृत्त शिक्षक असतो, बाजारातून परतणारी गृहिणी असते आणि गाडी कडेला लावून थांबलेला रिक्षावालाही असतो. सभागृहाला भिंती असतात, त्यामुळे बाहेरच्याला आतले ऐकू येत नाही. मांडवाला कनात असते. ती उन्हापावसाला अडविते, सुराला अडवीत नाही. रामोत्सव आठ दशकांहून अधिक काळ टिकला, त्याची कारणे अनेक असतील. आमच्या मते त्यांतील एक मोठे कारण हे, की न बोलाविलेल्या श्रोत्यालाही त्याने कधी परके मानले नाही.

गाण्याच्या जोडीला खाणे येतेच. रामनवमीच्या दिवशी या भागातील गल्लीबोळांत मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्यास पानक, ताक आणि कोसंबरी वाटतात. पानक म्हणजे गूळ, लिंबू, वेलची, सुंठ घातलेले गार पेय, आपल्या पन्ह्याचे भावंड. कोसंबरी म्हणजे भिजविलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे, कोथिंबीर आणि वर मोहरीची फोडणी. कोसंबरी आणि कोशिंबीर ही नावे कानाला तर सख्ख्या बहिणी वाटतात. नेमक्या याच दिवसांत आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते आणि आंबेडाळ व पन्हे दिले जाते. उन्हाळा जाणून शरीराला थंडावा द्यावा आणि तो एकट्याने न घेता वाटून घ्यावा, हा विचार दोन्हीकडे एकच. फरक एवढाच, की आमची आंबेडाळ निमंत्रितांना मिळते आणि त्यांचे पानक रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही.

उपाहारगृहांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण पाहुण्यांचा निम्मा उत्साह तेथे असतो. लालबागेजवळच्या एम. टी. आर. चा आरंभ १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली त्यांच्याच स्वयंपाकघरात प्रथम झाली, असे सांगितले जाते. गांधीबाजारातील विद्यार्थी भवन १९४३ चे. जाड, खरपूस मसाला डोशासाठी लोक तेथे रांगेत उभे राहतात. शंकरपुरम् येथील ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ पासून इडली, वडा, खारा बात, केसरी बात आणि कॉफी एवढ्याच पदार्थांवर नाव राखून आहे. तेथे सांबार मिळत नाही, चटणी मात्र हवी तितकी वाढतात. खारा बात हा आपल्या उपम्याचा आणि केसरी बात हा आपल्या शिऱ्याचा दाक्षिणात्य अवतार. दोन्ही एकाच बशीत मागायचे असतील, तर ‘चौ चौ बात’ म्हणावे. पाहुण्यांना हा शब्द शिकविला, की त्यांना शहराचे अर्धे नागरिकत्व मिळाल्यासारखे वाटते.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री करग निघतो. जुन्या पेठेतील धर्मराय देवळातून द्रौपदीच्या शक्तीचे प्रतीक असलेला पुष्पमंडित कलश मस्तकी घेऊन, स्त्रीवेष धारण केलेला तिगळ समाजाचा पुजारी बाहेर पडतो. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. ही मिरवणूक वाटेत तवक्कल मस्तान दर्ग्याशी थांबते आणि मग पुढे जाते. परंपरेने चालत आलेला हा थांबा पाहिला, म्हणजे या शहराच्या सणांचा स्वभाव कळतो. आणि ज्यांचे पाहुणे दिवाळीच्या सुटीनंतरही मुक्कामास असतील, त्यांनी कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापाशी भरणारी शेंगांची जत्रा, म्हणजे कडलेकायी परिषे, चुकवू नये. शेतकरी नव्या पिकाच्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन येतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी लागतात.

हा सारा वृत्तांत येथे देण्याचे प्रयोजन आता सांगतो. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. परमुलखात स्थापन झालेल्या प्रत्येक मंडळाप्रमाणे आपलेही पहिले काम माणसे जमविण्याचे होते. मराठी बोलायला, नाटक पाहायला, गणपतीची आरती एकत्र म्हणायला एक जागा हवी होती; ती मंडळाने दिली. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचले, पुढे त्याचा कन्नड अनुवादही झाला. त्याच्या ध्वनिमुद्रिकांनी आमच्यापैकी कितीतरी घरांत रामनवमी मराठी ठेवली. पण येथेच जन्मलेली आणि वाढलेली मुले आज कन्नड, इंग्रजी आणि मराठी एका दमात बोलतात. त्यांच्या दृष्टीने बंगळूर हे दूरचे गाव नसून स्वतःचे गाव आहे. त्यांना मंडळ हवेसे वाटायचे असेल, तर ते केवळ आई-वडिलांच्या आठवणींचे घर राहून चालणार नाही. त्यांच्या कन्नड, तमिळ, तेलुगू मित्रांनाही जेथे संकोच न वाटता येता येईल, असे ते ठिकाण व्हावे लागेल.

येथे एक शंका घेतली जाईल. दारे उघडली, तर मराठीपण पातळ होणार नाही काय? इतिहासाचे उत्तर तसे नाही. तंजावरची मराठी कीर्तनपद्धती तामिळ आणि तेलुगू श्रोत्यांपुढे गेली, म्हणूनच साकी आणि दिंडी मराठी मुलखाबाहेर जगल्या. त्यागराजांची तेलुगू पदे कन्नड मुलखातील मांडवात गायिली जातात, तरी त्यांचे तेलुगूपण तसूभरही घटलेले नाही. जी गोष्ट मनापासून वाटली जाते, ती देणाऱ्याच्या नावानेच ओळखली जाते. मिटून ठेवलेली गोष्ट मात्र एका पिढीनंतर कोणाची होती, हेही सांगता येत नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवानंतरच्या वर्षांसाठी आमची सूचना साधी आहे. चैत्रात एक सायंकाळ मंडळाने उघड्या मांडवात साजरी करावी. मराठी कीर्तन व्हावे, त्याचा भावार्थ कन्नडमध्ये सांगणारा कोणी शेजारी सोबत बसवावा, दासपद आणि अभंग पाठोपाठ गायिले जावेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास आंबेडाळ आणि पन्हे मिळावे. खर्च फारसा नाही; लागणारे मनुष्यबळ आमच्या घरांतच आहे, आणि सुटीला आलेले पाहुणेही हात लावतील.

साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरात एका मराठी सभेने बारा भाषांचे बारा नारळ आनंदाने स्वीकारले होते. त्या सभेचा वारसा सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो नुसता सांगून भागत नाही, चालवावा लागतो. चामराजपेटेच्या मुलांनी १९३९ मध्ये आपला उत्सव मांडला, तेव्हा त्यांच्यापाशी नाव नव्हते, निधी नव्हता, इमारत नव्हती. होती ती हौस, आणि ज्याला ऐकायचे आहे त्याने यावे, ही वृत्ती. मंडळाची पुढील पन्नास वर्षे त्याच भांडवलावर उभी राहोत, हीच श्रीरामचरणी प्रार्थना.